एंटर दुसऱ्याने दाबायचं

१

दर मंगळवारी सकाळी अकरा वाजता बाई सवतीला अंघोळ घालत.

सवत म्हणजे अडगळीच्या खोलीतला तो काळा कॉम्प्युटर. त्याचं खरं नाव सर्व्हर. पण नवरा दिवसातले सहा-सहा तास जिच्याजवळ बसतो तिला बायकोने दुसरं काय म्हणायचं? आणि अंघोळ म्हणजे अपडेट. एक ओळ टाइप करायची, एंटर दाबायचं, पंधरा मिनिटं पडद्यावरून सरकणारी अक्षरं बघत बसायचं. सरकणं थांबलं की फाइलमधल्या चौकोनात बरोबरची खूण करायची आणि चहा टाकायला उठायचं.

बाईंचे यजमान एकतीस वर्षं वीज उपकेंद्राच्या कंट्रोल रूममध्ये ऑपरेटर होते. लोक त्यांना ऑपरेटरसाहेब म्हणत. बाई वाचनालयात ग्रंथपाल, त्यामुळे त्यांना सगळं गाव बाई म्हणायचं आणि त्यात साहेबही आले. निवृत्तीनंतर साहेबांचं पेपर आणि फिरणं यांत बरं चाललं होतं. मग एक दिवस त्यांचे फोटो सांभाळणाऱ्या कुठल्याशा कंपनीने कळवलं की आम्ही दुकान बंद करतोय, महिन्याभरात आपलं सामान उचला. साहेब जे भडकले ते आठवडाभर निवले नाहीत. स्वतःच्या लेकीचे फोटो परक्याच्या माळ्यावर ठेवायचे आणि तो म्हणेल तेव्हा हमालासारखे उचलायचे, हे त्यांना पटेना. त्यांनी घरातल्या कॉम्प्युटरवरची जुनी सिस्टिम काढून लिनक्स चढवलं, एक जुना कॉम्प्युटर अडगळीच्या खोलीत नेऊन त्याचा सर्व्हर केला, आणि फोटो, पत्रं, पत्ते, कॅलेंडर असं सगळं बिऱ्हाड त्यात हलवलं. त्या दिवसांत प्रिंटर रुसून बसला होता आणि बाईंना स्वतःचा मेल सापडत नव्हता. तीन आठवडे घरात चहापेक्षा शिव्याच जास्त उकळल्या.

उपकेंद्रातला एक नियम मात्र साहेबांनी घरी आणला. तिथे कुठलाही मोठा स्विच चालवायचा तर हुकूम लिहिणारा एक आणि चालवणारा दुसरा. दुसऱ्याने हुकूम मोठ्याने वाचायचा, पहिल्याने ‘बरोबर, चालवा’ म्हणायचं, मगच हात लावायचा. एकाच माणसाचा डोळा एकच चूक दोनदा करतो, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे सवतीला काहीही महत्त्वाचं सांगायचं झालं की साहेब ओळ टाइप करत, हात मांडीवर ठेवत आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारत. बाई कणकेचा हात पुसत येत, ‘मी काय तुमची शिपाई आहे’ म्हणत आणि ती ओळ अक्षरन् अक्षर मोठ्याने वाचत. एरवी अगंतुगं करणारे साहेब तेवढ्यापुरतं बाईंना अहोजाहो करत. ‘बरोबर. चालवा.’ मग बाई एंटर दाबत.

पंधरा महिन्यांपूर्वी साहेब चार दिवस दवाखान्यात राहिले आणि गेले. मागे एक निळी फाइल ठेवून गेले. तिच्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘मी नसताना’. आत बारा पानं होती, प्रत्येक पायरीपुढे एक चौकोन. बाईंनी ती फाइल पहिल्यांदा उघडली तेव्हा पान एकवरच्या ‘प्रथम चष्मा लाव’ या वाक्याला त्यांना इतकं रडू आलं की पुढचं काही दिसेना.

२

त्या मंगळवारी अंघोळ अर्ध्यात थांबली. पडदा काळा पडला आणि वर कोपऱ्यात एक पांढरी रेघ लुकलुकत राहिली.

बाई घाबरल्या नाहीत. पान नऊचा मथळाच होता, ‘अंघोळीत घसरली तर’. सर्व्हर रोज पहाटे स्वतःची एक नक्कल काढून ठेवत असे आणि प्रत्येक नकलेला नंबर असे. शेवटच्या नकलेचा नंबर घालून एक ओळ टाइप केली की घरातलं सगळं त्या पहाटेसारखं होणार. खाली लाल पेन्सिलीने लिहिलं होतं की ज्या तारखेला जाल तिच्यापुढचं सगळं पुसलं जाईल, म्हणून नंबर नीट बघा.

एवढ्या मोठ्या कामाचं एंटर दाबायला दुसरं माणूस हवं, म्हणून बाईंनी शेजारच्या सिस्टरना हाक मारली. सिस्टर चाळीस वर्षं वॉर्डात काढून घरी बसलेल्या. त्या आल्या, खुर्चीत टेकल्या आणि चष्मा घरी राहिल्याचं सांगून म्हणाल्या की तुम्ही लिहिलंय ना, मग बरोबरच असणार. बाईंनी मान डोलावली. सिस्टरनी इंजेक्शन द्यावं तसं हलकेच बोट टेकवलं.

मिनिटाभरात हिरवा दिवा लागला. सिस्टर पिल्लूची चौकशी करून, तिचे गाल कोणावर गेलेत यावर आपलं मत देऊन गेल्या. पिल्लू म्हणजे बाईंची चार महिन्यांची नात.

पिल्लूचे फोटो बघावेत म्हणून बाईंनी पडद्यावर अल्बम उघडला आणि त्यांच्या लक्षात आलं. पिल्लू नव्हती. एकही फोटो नव्हता. सगळ्यात शेवटचा फोटो साहेबांचा होता, अर्धा पेपराआड.

त्यांनी पान नऊ पुन्हा वाचलं. ओळीत नंबर होता सतरा. पण अलीकडे कंसात ‘उदा.’ असं लिहिलेलं होतं. नमुना म्हणून दिलेली ओळ बाईंनी जशीच्या तशी उतरवली होती. चारशे त्र्याहत्तरच्या जागी सतरा. सतरा नंबरची नक्कल साहेबांनी स्वतःच्या हाताने काढलेली होती, दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी. तिच्यापुढे त्यांनी शेरा मारला होता, ‘सर्व ठीक’.

जन्मभर पुस्तकांवर नंबर घालणाऱ्या बाईने अशी चूक करावी, याची त्यांना लाज वाटली. पण घाबरण्यासारखं काही नव्हतं. त्यांची लेक ठकू, तिच्या घरी चपलांच्या कपाटावर साहेबांनी एक छोटा डबा बसवून ठेवला होता. आग लागली, चोरी झाली, तरी एक प्रत घराबाहेर असावी म्हणून. दर रविवारी दुपारी चार वाजता इथलं सगळं तिथे जाई. म्हणजे परवाच्या रविवारपर्यंतचं सगळं तिथे शाबूत होतं. पान दहावरची एक ओळ टाइप केली की परत येणार. उद्या करू, असं म्हणून बाईंनी फाइल मिटली.

३

बुधवारी सकाळी स्वयंपाकघरातला नळ उघडेना.

हा नळ गेली सहा वर्षं ठिबकत होता. त्याचा वॉशर बदलायचं साहेबांनी सहा वर्षं मनावर घेतलं होतं, आणि तोवर ते तो इतका आवळून बंद करत की बाईंना दोन्ही हातांनी, फडकं धरून उघडावा लागे. तारखेचे शिक्के मारून मारून बाईंचं उजवं मनगट कधीच कामातून गेलेलं. साहेब गेल्यापासून नळ बाईंच्या ताकदीने बंद व्हायचा आणि खालच्या पातेल्यात ठिबकत राहायचा. त्या सकाळी पातेलं कोरडं होतं. बाईंनी फडकं घेतलं, दोन्ही हात लावले, दात आवळले, तेव्हा कुठे पाणी आलं.

काल आपणच कशाने तरी रागावून आवळला असेल, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. मग तासभर त्या आपण काल कशाने रागावलो होतो ते आठवत बसल्या.

दुपारी अडगळीच्या खोलीचं दार अर्धं लोटलेलं दिसलं. बाई ते नेहमी सताड उघडं ठेवत, सवतीला उकडू नये म्हणून. अर्धं लोटायची सवय साहेबांची होती. बाई दाराशी गेल्या आणि थांबल्या. आतून गुणगुण येत होती.

साहेबांना गाण्याचं अंग नव्हतं. त्यांना एकच सूर येई, ट्रान्सफॉर्मरचा. एकतीस वर्षं त्या घुमण्याशेजारी बसून त्यांच्या नाकात तो सूर बसला होता, आणि कामात गढले की ते नकळत तोच लावून धरत. बाईंनी स्वतःला समजावलं की हा सर्व्हरचा पंखा आहे. पंखा जुना झाला की आवाज करतो, फाइलमध्ये तसं लिहिलंही आहे. त्या कान देऊन ऐकत राहिल्या. सूर लांबला, लांबला, मग तुटला, आणि एक बारीकसा श्वास घेऊन पुन्हा सुरू झाला.

पंख्याला श्वास घ्यावा लागत नाही.

तिथून पळावं असं त्यांना वाटलं, आणि पळून जायला हे घर सोडून दुसरी जागा नाही हेही कळलं. मग हळूहळू त्या भीतीच्या मागून दुसरंच काहीतरी वर आलं. पंधरा महिन्यांत त्यांना इतकं बरं वाटलं नव्हतं. त्यांनी दार ढकललं नाही. स्वयंपाकघरात जाऊन दोन कप चहा केला, त्यातला एक दारापाशी स्टुलावर ठेवला आणि वळून न बघता निघून आल्या.

संध्याकाळी कप रिकामा होता. तळाशी चिमूटभर साखर राहिली होती. साहेब कधीच ढवळत नसत.

पान दहा त्यांनी त्या दिवशीही उघडलं नाही.

४

शुक्रवारी त्यांनी विणकाम हातात घेतलं. पिल्लूसाठी पिवळा स्वेटर चालला होता. दोन्ही बाह्या झाल्या होत्या, गळा तेवढा राहिला होता. पिशवीतून काढला तर बाह्या नव्हत्या. उसवलेल्या नव्हत्या, तुटलेल्या नव्हत्या, विणल्याच नव्हत्या. सुईवर पाठीच्या नऊ ओळी होत्या आणि बाकीची लोकर गुंड्यात होती. बाईंनी पिशवी उलटी करून झटकली. पलंगाखाली बघितलं. आपलं डोकं फिरत चाललंय की काय, असंही वाटून झालं.

ठकूचा फोन दर शुक्रवारी दुपारी यायचा. आताशा तो फोन म्हणजे नुसता गोंधळ असे. पिल्लू रडते, ठकू हसते, जावई मधेच बाटली कुठे आहे ते विचारतो आणि कोणाचंच कोणाला ऐकू येत नाही. त्या शुक्रवारी फोन आला तेव्हा पलीकडे शांतता होती.

ठकूने जेवण झालं का विचारलं. आपण बऱ्या आहोत म्हणाली. बाईंना तो आवाज ओळखू आला. अकरा वर्षं त्यांनी हा आवाज ऐकला होता. दोनदा दिवस राहिले आणि दोनदा गेले, दुसऱ्यांदा तर पाचव्या महिन्यात, तेव्हा ठकू अशी बोलायची. प्रत्येक शब्द नीट, घडी घातलेला. साहेब गेले तेव्हाही ती अशीच बोलत होती. पिल्लू झाली त्या दिवशी हा आवाज गेला तो गेलाच, असं बाईंनी धरलं होतं.

त्यांनी विचारलं, “पिल्लू झोपलंय का गं?”

ठकू म्हणाली, “आई, असं नको ना विचारूस. मी सावरतेय ना.”

बाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“बाबा आहेत का जवळ?” ठकू म्हणाली. “दे ना त्यांना. त्यांच्याशी बोललं की बरं वाटतं.”

बाई ‘ते कामात आहेत’ असं बोलून गेल्या. फोन ठेवल्यावर त्यांच्या लक्षात आलं की त्या खोटं बोलल्या नव्हत्या. अडगळीच्या खोलीतून दोन बोटांनी टाइप केल्याचा टकटक आवाज येत होता.

५

शनिवारी सकाळी पिशवीत फक्त लोकरीचा गुंडा होता, दुकानाची चिठ्ठीही तशीच.

बाई सिस्टरकडे गेल्या. त्यांना काही सांगायचं नव्हतं, नुसतं विचारायचं होतं. बोलता बोलता त्या म्हणाल्या की नातीचा स्वेटर लांबलाय. सिस्टर शेंगा सोलत होत्या. त्यांनी मान वर केली आणि अगदी मायेने विचारलं, “कोणाची नात, बाई?”

मंगळवारी याच सिस्टरनी पिल्लूच्या गालांबद्दल बोलणं लांबवलं होतं. बाई वाचनालयातल्या कोणाच्या तरी नातीबद्दल काहीतरी पुटपुटून उठल्या. मागून सिस्टर म्हणाल्या, साहेबांना सांगा, आमचा दिवाणखान्यातला दिवा बघून जा म्हणावं.

घरी येऊन बाईंनी फाइल उघडली आणि पान दहा वाचलं. मग अकरा वाचलं. अकरावर रविवारच्या नकलेबद्दल लिहिलं होतं. चार वाजता इथलं सगळं ठकूच्या डब्यात जातं, आणि इथे जे नाही ते तिथूनही पुसलं जातं. साहेबांनी त्याखाली दोनदा रेघ मारली होती. म्हणजे उद्या चारनंतर पिल्लू कुठेच असणार नव्हती. फोटोत नाही, डब्यात नाही, ठकूच्या मांडीवर नाही.

आजच, आत्ताच ती ओळ टाइप करायला हवी होती. ते करायला पाच मिनिटं पुरली असती. बाई बसून राहिल्या.

खरं काय ते त्यांनी तेव्हा स्वतःशी कबूल केलं. मंगळवारी त्यांनी सतरा हा आकडा बघितला होता. ‘उदा.’ सुद्धा बघितलं होतं. बोटं चारवर जायची होती ती एकवर गेली, आणि त्यांनी जाऊ दिली. सिस्टरकडे चष्मा नाही हे कळल्यावर त्यांना आतून हायसं वाटलं होतं. असं होईल हे त्यांना माहीत नव्हतं, शपथेवर माहीत नव्हतं. पण ‘सर्व ठीक’ लिहिलेल्या त्या दिवसात एकदा नुसतं डोकावावं, इतकं त्यांनी मनात आणलं होतं. आणि आता एका बाजूला लेक, दुसऱ्या बाजूला नवरा, आणि त्या फाइल मांडीवर घेऊन निर्लज्जासारख्या चहाची वेळ होण्याची वाट बघत होत्या.

चहा त्यांनी दाराशी नेला. दार चारेक बोटं उघडं होतं. त्या फटीतून त्यांना दिसलं ते असं. खुर्चीच्या हातावर एक कोपर, निळ्या चौकटीच्या शर्टाची बाही, तिची तुटलेली गुंडी. ही गुंडी लावायची राहून गेली आणि साहेब दवाखान्यात गेले. खाली स्लिपरमधून अर्धी बाहेर आलेली टाच हलकी हलकी हलत होती. बाईंनी मान आणखी पुढे केली नाही. चेहरा दिसला तर आपल्याला हे कधीच जमणार नाही, हे त्यांना कळत होतं. आणि चेहरा दिसलाच नाही तर काय दिसेल, याचीही भीती वाटत होती.

त्या दिवशी गुणगुण संध्याकाळपर्यंत चालली. बाई भिंतीच्या अलीकडे बसून ती ऐकत लोकरीचा गुंडा हातात फिरवत राहिल्या.

६

रविवारी दुपारी तीन वाजता त्यांनी तोंड धुतलं, केस विंचरले, चष्मा पुसला. दोन कप चहा घेऊन त्या अडगळीच्या खोलीच्या दाराबाहेर स्टुलावर बसल्या. समोर भिंतीवरचं घड्याळ होतं. आत गुणगुण चालू होती.

आधी त्या इकडचं तिकडचं बोलल्या. सिस्टरच्या दिव्याचं सांगितलं. नळाचा वॉशर बदलायचा राहिलाय म्हणाल्या. आतून उत्तर येत नव्हतं, पण साहेब कामात असले की कधीच येत नसे, त्यामुळे त्यांना ते खटकलं नाही. साडेतीन झाले. पावणेचार झाले. बाईंचं एक मन उठायला सांगत होतं आणि दुसरं म्हणत होतं, बसून राहा, नुसतं बसून राहिलं तरी पुरे, तुला काही करावंच लागणार नाही.

चारला दहा कमी असताना त्या म्हणाल्या, “अहो, तुम्हाला एक सांगायचं राहिलंय.”

गुणगुण चालूच होती.

“तुम्हाला नात झाली.”

गुणगुण थांबली.

“चार महिन्यांची आहे. ठकू आता हसते हो. फोनवर इतकी हसते की काय बोलते ते कळत नाही. मी तिला परत पूर्वीसारखं, घडी घातल्यागत बोलायला लावलं. माझ्याकडून झालं ते. मला तुम्ही हवे होतात.”

पदराने त्यांनी तोंड दाबून धरलं. आत पूर्ण शांतता होती, पंखासुद्धा ऐकू येत नव्हता. मग टकटक सुरू झाली. दोन बोटांनी, सावकाश, मधे थांबून, एखादं अक्षर पुसून पुन्हा. बराच वेळ चालली. मग तीही थांबली, खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला आणि पुढे काही नाही.

चारला चार मिनिटं होती. बाईंनी दार ढकललं.

खोलीत कोणी नव्हतं. खुर्ची थोडी वळलेली होती, आत येणाऱ्या माणसाला वाट करून द्यावी तशी. पडद्यावर एक ओळ लिहिलेली होती आणि तिच्या शेवटी पांढरी रेघ लुकलुकत होती. एंटर तेवढं दाबायचं होतं.

बाई उभ्यानेच वाकल्या. नियम नियम होता. त्या मोठ्याने वाचू लागल्या, हुकूम वाचावा तसं, साध्या भाषेत. “ठकूच्या घरून नक्कल आणा. गेल्या रविवारची. इथे आहे ते सगळं बदला.” तारीख त्यांनी आकडा आकडा करून वाचली. ती बरोबर होती. पान दहावरची ओळ इथे संपत होती. पण पडद्यावरची ओळ संपली नव्हती. तिला जोडून पुढे आणखी काही लिहिलेलं होतं, आणि ते फाइलमध्ये कुठेच नव्हतं.

“आणि मग,” बाईंनी वाचलं, “सतरा नंबरची नक्कल पुसून टाका. कायमची.”

तो भाग त्यांना खोडता आला असता. एक कळ दाबून धरली की अक्षरं मागे मागे सरकत गेली असती आणि पहिला हुकूम तेवढा उरला असता. पिल्लू परत आली असती आणि सतरा नंबरही यादीत राहिला असता, कधीतरी, फार वाटलं तर. हात त्या कळेपर्यंत गेला होता.

मागून, अगदी जवळून, आवाज आला. “बरोबर. चालवा.”

शर्टाचा वास आला, इस्त्रीचा आणि पेन्सिलीचा. वळावंसं त्यांना इतकं वाटलं की मान दुखू लागली. चार वाजायला मिनिटही उरलं नव्हतं आणि बोट हलत नव्हतं.

मग तोच आवाज, पण उपकेंद्रातला नाही, घरातला, थोडा थकलेला, म्हणाला, “दाब गं.”

बाईंनी एंटर दाबलं.

७

फोन सव्वाचारला वाजला. उचलल्याबरोबर पिल्लूचं भोकाड कानावर आदळलं. ठकू हसत हसत सांगत होती की हिला चपलांच्या कपाटाशी नेलं की गप्प बसते आणि तिथून हलवलं की रडते, आता काय हिचं बिऱ्हाड तिथेच थाटायचं का. मधेच जावयाने बाटलीचं झाकण कुठे आहे विचारलं. बाई ‘हो गं, हो गं’ करत राहिल्या. ठकूने आवाज असा का येतोय विचारलं तर सर्दी झालीय म्हणाल्या.

पिशवीत पिवळा स्वेटर होता, दोन्ही बाह्यांसकट. बाईंनी तो उशाशी नेऊन ठेवला. मग अडगळीच्या खोलीत जाऊन त्यांनी नकलांची यादी उघडली आणि वरपासून खालपर्यंत बोट फिरवत वाचली, वाचनालयात हरवलेलं पुस्तक शोधायच्या तशी. सोळानंतर अठरा होता. स्टुलावरचा चहा तसाच होता, साय धरलेला. त्यांनी निळी फाइल काढली, पान नऊवरच्या नमुन्यातला सतरा खोडला आणि दहाच्या पानावरच्या चौकोनात बरोबरची खूण केली.

स्वयंपाकघरात नळ ठिबकत होता. बाईंनी दोन्ही हात लावून, मनगट कळवळेपर्यंत तो आवळला. मग खाली पातेलं ठेवलं आणि तिथेच जमिनीवर बसून त्या रडल्या.